इम्प्रेझा आरएस : कोलोरॅडोतील पहिला हिवाळा

कोलोरॅडोत राहायला आलेल्या माणसाला गाडीविषयी मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : उंच एसयूव्ही घ्या आणि चारही चाकांना ताकद देणारी घ्या, नाहीतर हिवाळ्यात घरात अडकून पडाल. या सल्ल्याचा दुसरा भाग मला पूर्णपणे पटला, पहिला पटला नाही. म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही २०२४ च्या मॉडेलची सुबारू इम्प्रेझा आरएस ही ऑल-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक घेतली. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रकार थोडा अनोळखी वाटेल, कारण आपल्याकडे हॅचबॅक म्हटली की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी हे गृहीतच असते. आपल्या घराघरात माहीत असलेली स्विफ्ट जपानमध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीतही मिळते, पण भारतात ती कधी विक्रीला आली नाही आणि बहुतेकांना तिची गरजही नाही. मला मात्र गरज होती.

मी डेन्व्हरच्या पूर्वेला ऑरोरा येथे राहते आणि एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझी कामाची पाळी सकाळी सहाला सुरू होते, आणि रात्रभर बर्फ पडला म्हणून रक्ताचे नमुने थांबत नाहीत. मोठ्या रस्त्यांवर बर्फ सारणारी वाहने पहाटेपर्यंत फिरून गेलेली असतात, परंतु वसाहतीतल्या आतल्या गल्ल्या बहुतेक वेळा तशाच सोडल्या जातात, कारण इथले ऊन कडक असते आणि एक-दोन दिवसांत ते आपले काम करील असा हिशेब असतो. हा हिशेब दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरांपुरता बरोबर आहे. आमचे घर उत्तराभिमुख आहे. दुपारी वितळलेले पाणी घराच्या सावलीत येऊन साठते, रात्री गोठते, आणि गाडी उभी करण्याच्या उतारावर काचेसारखा गुळगुळीत थर आठवडाभर टिकून राहतो. गल्लीत इतरांच्या चाकांनी पाडलेल्या खाचा तशाच गोठून कडक होतात आणि पुढची गाडी त्या खाचांतूनच जाते, तिला हवे असो वा नसो. माझी जुनी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान या उतारावर जागच्या जागी चाके फिरवत राहायची.

निवड करताना आमच्यासमोर मुख्य प्रश्न एकाच घरातल्या दोन बहिणींचा होता. सुबारूची क्रॉसट्रेक ही जवळजवळ इम्प्रेझाच आहे, फक्त उंच केलेली. इम्प्रेझाचे पोट जमिनीपासून ५.१ इंच, म्हणजे सुमारे १३० मिलिमीटर वर असते, तर क्रॉसट्रेकचे ८.७ इंच, म्हणजे सुमारे २२० मिलिमीटर. कोलोरॅडोत प्रत्येक चौकात क्रॉसट्रेक दिसते आणि त्याला कारण आहे. पण उंची वाढली की वळणावर गाडी अधिक झुकते आणि डोंगरातल्या जोरदार वाऱ्यात अधिक हलते. मला रोज पहाटे महामार्गावरून जायचे असते, जंगलातल्या कच्च्या वाटांवर आम्ही क्वचितच जातो. माझदा ३ हॅचबॅकही चारही चाकांच्या ताकदीसह मिळत होती आणि तिची आतली सजावट अतिशय सुंदर होती, परंतु मागची काच आणि मागचे खांब पाहता मला मागचे नीट दिसेना. टोयोटाची साधी कोरोला हॅचबॅक पुढच्या चाकांवरच चालते, आणि जीआर कोरोला ही ३०० अश्वशक्तीची गाडी त्या वर्षी फक्त हाताने गिअर टाकण्याच्या प्रकारात होती. ती ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी.

आता इम्प्रेझाचे कोणते रूप घ्यायचे, हा निर्णय उंचीने केला. गाडीच्या नव्हे, गावाच्या. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते, कारण हवा विरळ होत जाते आणि सिलिंडरमध्ये तितका प्राणवायू जात नाही. साध्या इम्प्रेझाचे दोन लिटरचे इंजिन १५२ अश्वशक्तीचे आहे, आरएसचे अडीच लिटरचे १८२ चे. आमच्या घरापाशीच आरएसचे १८२ म्हणजे प्रत्यक्षात दीडशेच्या जवळपास राहतात. डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोहोचेपर्यंत ते सव्वाशेच्याही किंचित खाली येतात आणि लहान इंजिनाचे तर जेमतेम शंभर उरतात. चार माणसे आणि सामान घेऊन, चढावर, मागून ट्रक येत असताना हा फरक पुस्तकी राहत नाही. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाला मी दोन लिटरचीच गाडी सुचवीन, पण इथे मोठे इंजिन ही चैन नाही.

कोलोरॅडोत रविवारी मोटारींची विक्री कायद्याने बंद असते, आणि मला ही गोष्ट फार सोयीची वाटली. रविवारी विक्रेत्यांच्या आवारात शांतपणे फिरता येते, काचेवर चिकटवलेली किंमतपत्रके सावकाश वाचता येतात आणि पाठीमागे कोणी येऊन उभे राहत नाही. आरएसची मूळ किंमत २७,८८५ डॉलर होती आणि वाहतुकीचे १,०९० धरून २८,९७५. पहिल्या विक्रेत्याने त्यात रंगाचे संरक्षण, चाकांची कुलपे आणि अशाच काही गोष्टी आधीच बसवल्याचे सांगून वेगळी रक्कम जोडली होती. आम्ही नम्रपणे नकार दिला आणि दुसरीकडे गेलो, तिथे छापील किमतीला गाडी मिळाली. घेणार असाल तर एवढे कराच : कर आणि नोंदणीसह एकूण रक्कम किती, हे आधी लेखी मागवावे आणि मगच आवारात पाऊल टाकावे. २४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी घरी आली. भारतीय दुकानातून झेंडू मिळाला, तोरण झाले, नारळ फुटला.

बर्फाच्या आधी कोरड्या रस्त्यावरच्या चालीविषयी सांगते. स्टिअरिंग नेमके आहे, हात जेवढा वळेल तेवढीच गाडी वळते, आणि खराब रस्त्यावरचे धक्के ती आत येऊ देत नाही. सुबारूच्या इंजिनाचे सिलिंडर उभे नसून आडवे, एकमेकांसमोर झोपलेले असतात, त्यामुळे वजन खाली राहते आणि वळणावर त्याचा फायदा जाणवतो. गिअरबॉक्स सीव्हीटी आहे, म्हणजे पायऱ्यांचे गिअर नाहीत; चढावर जोरात पाय दाबला की इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत चढून तिथेच थांबतो, आणि ज्यांना गिअर बदलल्याची जाणीव आवडते त्यांना हे रुचणार नाही. मला चार दिवसांत सवय झाली. मधला ११.६ इंचांचा उभा पडदा मोठा आहे. तापमान कमी-जास्त करायला मात्र खरी बटणे दिली आहेत, आणि हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्याला त्याचे मोल कळते. गरम होणाऱ्या आसनांविषयी वेगळे काही लिहायला नको.

पेट्रोलची एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. कोलोरॅडोतल्या पंपांवर सर्वात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते (ऑक्टेन म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी न पेटण्याचे माप). विरळ हवेत तेवढे चालते अशी जुनी समजूत त्यामागे आहे, आणि ती कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. इम्प्रेझाच्या माहितीपुस्तिकेत किमान ८७ सांगितले आहे, ते इथे मधल्या नळीत मिळते. आम्ही तेच भरतो.

माझी आई वाईहून आमच्याकडे हिवाळ्यात राहायला आली होती. तिला गाडीचा रंग आवडला, मागे पाय पसरायला जागा आहे हेही आवडले, पण उतरताना ती प्रत्येक वेळी दाराच्या कडेला धरून क्षणभर थांबायची. शेवटी म्हणाली, “अगं, गाडी छान आहे, पण फार खाली आहे गं. बसताना काही नाही, उठताना गुडघे बोलतात.” तिचे म्हणणे अगदी खरे आहे. घरात गुडघेदुखीचे कोणी कायम राहत असेल, तर क्रॉसट्रेकची ती साडेतीन इंचांची उंची बर्फासाठी नव्हे, तर त्या माणसासाठी घ्यावी.

गाडी घेतल्यानंतर त्याच आठवड्याच्या शेवटी हंगामातला पहिला मोठा बर्फ झाला. घरासमोरच्या त्याच काचेसारख्या उतारावरून गाडी न कुरकुरता वर आली, चाक एकदाही जागच्या जागी फिरल्याचे जाणवले नाही. हे कसे होते ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेले असते आणि मागच्या चाकांकडे ताकद न्यायची तर तिला काटकोनात वळवावे लागते. सुबारूमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने एका ओळीत असतात, आणि तिथून मागे सरळ दांडा जातो. १९७२ च्या लिओन स्टेशन वॅगनपासून कंपनीने हीच मांडणी धरून ठेवली आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला अनेक चकत्यांचा क्लच असतो. साध्या परिस्थितीत पुढे ६० आणि मागे ४० टक्के अशी वाटणी तो ठेवतो आणि घसरण दिसू लागली की बदलतो. म्हणजे मागची चाके आधीपासूनच कामाला लागलेली असतात, पुढची घसरली तरच त्यांना बोलावणे जाते असे नाही. पहाटेच्या अंधारात, चढावरच्या सिग्नलला थांबून निघताना, हा फरक पायाखाली कळतो.

पण मला या लेखात सर्वात आग्रहाने जे सांगायचे आहे ते यापुढचे आहे. गाडी सुटताना चारही चाके ओढतात. थांबताना मात्र जगातल्या प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांनाच असतात, मग ती कोणत्याही ड्राइव्हची असो. त्यामुळे ऑल-व्हील ड्राइव्हमुळे थांबण्याचे अंतर एका इंचानेही कमी होत नाही. उलट ती इतक्या सहजपणे वेग घेते की रस्ता निसरडा आहे ही सूचनाच चालकाला मिळत नाही. पुढच्या चाकांची गाडी निघतानाच घसरून सांगत असे, ‘आज जपून’. ही सांगत नाही. महामार्गाच्या कडेच्या चरात बर्फाळ दिवशी उलटलेल्या गाड्यांमध्ये उंच फोर-व्हील ड्राइव्ह इतक्या का दिसतात, याचे माझ्या मते हेच कारण आहे.

हे केवळ वाचून न ठेवता आम्ही पाहायचे ठरवले. रविवारी सकाळी एका मोकळ्या वाहनतळावर, ताज्या दाबलेल्या बर्फावर, ताशी वीस मैलांचा वेग धरून मी ब्रेक पूर्ण दाबला. चाके जाम होऊ न देणारे एबीएस खडखडत राहिले, पायाखालचे पेडल थरथरले, आणि गाडी सरळ राहिली खरी, पण मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ पुढे जाऊन थांबली. नवऱ्याने त्या जागी बर्फात फावडे रोवले. पुढच्या बर्फानंतर हिवाळी टायर घालून त्याच जागी, त्याच वेगाने पुन्हा तसेच केले, तेव्हा गाडी सुमारे एका गाडीच्या लांबीएवढी अलीकडे थांबली. बर्फ दोन्ही दिवशी तंतोतंत सारखा नव्हता, त्यामुळे याला मी प्रयोग म्हणणार नाही. पण शाळेतून निघालेले मूल रस्त्यात असेल, तर तेवढ्या अंतरात सर्व काही आले.

गाडीसोबत येणारे टायर ‘सर्व ऋतूंचे’ असतात. त्यांचे रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते, आणि कडक रबर बर्फाला धरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने मारावेत तसे असंख्य बारीक चरे असतात, आणि बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह कोरलेले असते. बोटाने दाबून पाहिले तरी दोन्हींतला फरक कळतो. आम्ही वेगळ्या सतरा इंची रिमांवर त्यांचा संच बसवून घेतला. मूळच्या अठरा इंची चाकांपेक्षा ते स्वस्त पडले, टायरची भिंत उंच असल्याने खड्ड्यांत रिम वाचते, आणि वर्षातून दोनदा बदलताना रबर रिमवरून काढावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास घालायचे, एप्रिल संपत आला की काढायचे. पुष्कळ जण एसयूव्हीसाठी पाच-सात हजार डॉलर जास्त मोजतात आणि टायरसाठी हजार मोजताना मागेपुढे पाहतात. मला हा व्यवहार उलटा वाटतो.

डोंगरात जाण्याला तर कायदाच आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० या महामार्गावर, मॉरिसनपासून डोत्सेरोपर्यंत, १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात गाडी बर्फासाठी सज्ज असावी लागते. चारही चाकांची ताकद असली तरी टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल हवी. चारही चाकांची ताकद नसेल तर तेवढ्याच खोल नक्षीचे बर्फाचे किंवा हिवाळी टायर, नाहीतर साखळ्या हव्यात. नियम मोडल्यास १३० डॉलरहून अधिक दंड होतो, आणि तुमच्या गाडीमुळे रस्ता अडला तर तो ६५० च्या पुढे जातो. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे झाले असे समजणाऱ्यांनी ही ३/१६ इंचाची अट नीट वाचावी.

मुलगा स्कीइंग शिकतो, त्यामुळे हिवाळ्यात आम्ही त्या महामार्गावर वरचेवर असतो. मागच्या आसनाचा एक भाग आडवा केला की त्याच्या स्की आत मावतात आणि उरलेल्या जागेवर एक माणूस व्यवस्थित बसतो. बोगद्याकडे जाताना इंजिन कष्टाने चढते, आवाज करते, पण उजव्या मार्गिकेतून वेग टिकवते. उतरताना या गाडीचा मला खरा विश्वास आला. जेनेसीपासून डेन्व्हरच्या बाजूला लांबलचक सहा टक्क्यांचा उतार आहे, आणि तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा वास थंड हवेतही येतो. आरएसमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी सीव्हीटीला आठ कृत्रिम गिअर मिळतात. चौथा घातला की इंजिनच गाडीला मागे खेचते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. माझ्या वडिलांनी मला पसरणी घाटात गाडी शिकवली, तेव्हा ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा त्यांचा पहिला धडा होता. तो इथेही जसाच्या तसा लागू पडतो. बर्फ असेल तर गिअर उतार सुरू होण्याआधीच बदलावा, मध्येच एकदम बदलून चाकांना झटका देऊ नये.

समोरच्या काचेमागचे कॅमेरे पुढच्या गाडीपासून अंतर राखतात आणि वेळ आली तर ब्रेकही लावतात. मात्र दाट बर्फवृष्टीत किंवा काचेवर चिखलाचा थर बसला की ही यंत्रणा स्वतःहून बंद होते व तसे सांगते. तिच्यावर सर्वाधिक भिस्त ठेवावीशी वाटते नेमक्या त्याच वेळी ती नसते, हे मनाशी पक्के ठेवूनच डोंगरात जावे. हिवाळ्यात रस्त्यावर खडी टाकतात, काचेला टवके उडतात, आणि काच बदलावी लागली तर कॅमेऱ्यांची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. त्याचा खर्च विम्यात येतो का, हे आधी विचारून ठेवावे.

या गाडीची मर्यादा २०२४ च्या मार्चमध्ये स्पष्ट दिसली. त्या महिन्याच्या मध्यावर मोठे वादळ आले, पायथ्याच्या डोंगरांतल्या काही गावांत चार फुटांहून अधिक बर्फ साठला आणि आय-७० डोंगरात बंद पडला. आमच्या गल्लीत तेवढा नव्हता, तरी ओला आणि जड होता. अशा बर्फात चाकांची पकड हा प्रश्नच उरत नाही. गाडीचे पोट बर्फावर टेकले की चाकांवरचे वजन कमी होते, आणि मग चारही चाके फिरली तरी गाडी हलत नाही. १३० मिलिमीटरच्या गाडीला ही वेळ लवकर येते. आम्ही शेजाऱ्यांच्या मदतीने फावड्याने गल्लीच्या तोंडापर्यंत दोन पट्टे मोकळे केले, तेव्हा ती बाहेर पडली आणि मी पाळीवर वेळेत पोहोचले. शेजारची क्रॉसट्रेक न खणता गेली. डोंगरात, न सारल्या जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला घर असेल, तर ही हॅचबॅक घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. सपाटीवरच्या उपनगरात असे दिवस हिवाळ्यात फार थोडे असतात.

अमेरिकी सरकारी आकड्यांनुसार आरएस शहरात गॅलनला २६ मैल आणि महामार्गावर ३३ मैल देते, म्हणजे लिटरला अनुक्रमे ११ आणि १४ किलोमीटर. हिवाळी टायर आणि थंड इंजिन यांमुळे आम्हाला थंडीत शहरी आकड्याच्याही खाली मिळते, उन्हाळ्यात महामार्गाचा आकडा सहज निघतो.

वसंतात मूळ टायर परत चढवल्यावर एकाच्या भिंतीत खिळा घुसला. भिंतीला पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो, आणि इथे ऑल-व्हील ड्राइव्हचा तो खर्च पुढे येतो जो विक्रीच्या वेळी कोणी बोलत नाही. चारही चाकांचा घेर जवळजवळ सारखा असावा लागतो. सुबारूची मर्यादा पाव इंचाची आहे. एकच टायर नवा आणि तीन झिजलेले असतील, तर लहान घेराची चाके सतत थोडी अधिक फिरतात आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा तो क्लच विनाकारण घासत व तापत राहतो. आमचे टायर फार झिजलेले नव्हते, म्हणून दुकानदाराने खोली मोजून एकच नवा चालेल असे सांगितले. झीज अधिक असती, तर नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्यांच्या मापाचा करून घ्यावा लागला असता, नाहीतर चारही नवे. तेव्हापासून नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी गाडीतल्या पुढच्या कप्प्यात असते. दर सहा हजार मैलांच्या सर्व्हिसिंगला टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेतले की चारही आकडे मी वहीत लिहून ठेवते. पुढचे टायर मागच्यांपेक्षा थोडे लवकर झिजतात, असे त्या वहीतून आतापर्यंत दिसते आहे.